दुखणे कमरेचे, डाग पायाला: सायटिकाच्या उपचारांची कथा

१/ 'दुखणे हल्याला आणि डाग पखालीला' ही म्हण वऱ्हाडी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. हल्या म्हणजे रेडा आणि पखाल म्हणजे त्याच्या पाठीवरची पाण्याची कातडी पिशवी. सायटिकाचा इतिहास बराचसा या म्हणीसारखाच आहे. कळ पायात उठते, मूळ बहुधा कमरेत असते.

२/ चरकसंहितेत 'गृध्रसी' नावाची व्याधी वर्णिली आहे. तिची वेदना नितंबापासून मांडी, गुडघा, पोटरी अशी पावलापर्यंत उतरते. सांगितलेले उपाय: शिरावेध, बस्ती आणि अग्निकर्म, म्हणजेच डाग.

३/ प्राचीन ग्रीक वैद्यही या दुखण्यावर डाग देत. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात तर लहान मुलांच्या पोटाच्या विकारांवर तापल्या लोखंडाचा 'डंबा' देण्याची प्रथा आपल्या काळापर्यंत टिकून राहिली. वेदना जिथे, उपाय तिथे, हा समज फार जुना आहे.

४/ १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी सांध्याचे दुखणे आणि नसेचे दुखणे वेगळे केले. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी दाखवले की मणक्यांमधली चकती फाटून नसेच्या मुळावर दाब येतो. पखाल सुटली, हल्या सापडला.

५/ मग दोन मार्ग रूढ झाले: शस्त्रक्रिया किंवा अंथरुणावरची सक्तीची विश्रांती.

६/ १९९९ साली नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर विश्रांतीची परीक्षा झाली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के रुग्ण सुधारले होते. विश्रांतीने अधिक काही साधले नाही. २००७ साली तेथेच २८३ रुग्णांची तुलना झाली. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली.

७/ वऱ्हाडात या आकड्यांना वेगळे वजन आहे. कापूस वेचणाऱ्या बाईला पंधरा दिवसांची विश्रांती म्हणजे पंधरा दिवसांची बुडालेली मजुरी. झेपेल तेवढे हिंडत राहा, हा सल्ला प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो.

८/ पण लघवी अडली, बसण्याच्या जागी बधिरता आली किंवा पाऊल लुळे पडले, तर थांबणे घातक. तेव्हा अकोला किंवा अमरावतीचे मोठे रुग्णालय तत्काळ गाठावे लागते. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २००२ साली.

९/ कुणाला थांबवायचे आणि कुणाला त्याच दिवशी पुढे पाठवायचे, ही पारख गावच्या दवाखान्यातच व्हावी लागते. डागापासून चकतीपर्यंतच्या प्रवासाचे सार तेवढेच आहे.