वीजपुरवठादाराची निवड (मुंबई उपनगर)

मुंबईच्या उपनगरांत एकाच इलाख्यासाठी दोन कंपन्यांस वीजवितरणाचा परवाना असल्यामुळे, घरगुती ग्राहकास आपला पुरवठादार बदलण्याची जी मुभा 2009 पासून लाभली, तिचा विचार या नोंदीत केला आहे. भारतात अन्यत्र सामान्य गृहस्थास ही मुभा प्रायः नाही.

विद्युत अधिनियम, 2003 याच्या कलम 14 अन्वये एकाच क्षेत्रात अनेक परवाने देता येतात, आणि कलम 42 अन्वये एकाच्या तारा आकार घेऊन दुसऱ्यास वापरू देणे बंधनकारक ठरते. खोपोलीच्या जलविद्युतकेंद्रातून 1915 पासून मुंबईस वीज देणाऱ्या टाटांस किरकोळ विक्रीचा अधिकारच नाही, अशी उपनगरांत घरोघरी वीज देणाऱ्या रिलायन्स (पूर्वीची बीएसईएस) कंपनीची तक्रार होती. ती सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2008 रोजी अमान्य केली. अधिकार शाबीत झाला तरी गल्लीबोळांत टाटांच्या तारा नव्हत्या, आणि तेच रस्ते पुन्हा खणून दुहेरी जाळे अंथरावे तर त्याचा खर्च अखेर ग्राहकांच्याच माथी बसणार. म्हणून राज्य वीज नियामक आयोगाने 15 ऑक्टोबर 2009 च्या आदेशान्वये रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेण्याची वाट मोकळी केली. यास ‘चेंजओव्हर’ म्हणतात. नव्या पुरवठादाराची तारही घरात आली, तर ते ‘स्विचओव्हर’.

अंधेरीतील एखाद्या बिऱ्हाडाने चेंजओव्हर केला, तर जिन्याखालच्या मीटरपेटीपर्यंत येणारी केबल तीच राहते, ती नादुरुस्त झाल्यास जुन्याच कंपनीची माणसे येतात, आणि वीज तर सामाईक जाळ्यातूनच येते. पालटतो तो वीज आकाराचा दर आणि बिलावरील शिक्का. तारा वापरल्याबद्दलचा वहन आकार मात्र त्यांच्या मालकाकडेच जातो. ही स्पर्धा मुख्यत्वे वीजखरेदीच्या किमतीपुरतीच आहे, हे जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही.

खरा पेच दररचनेत उद्भवला. अधिक वीज जाळणाऱ्यांकडून चढा दर घेऊन अल्पवापर करणाऱ्यांचा दर खाली ठेवायचा, ही आपल्याकडील जुनी वहिवाट असल्याने, टाटांचा स्वस्त दर दिसताच मोठे ग्राहक रिलायन्सकडून निघून गेले आणि त्यांनी उचललेला भार मागे राहिलेल्यांवर येऊ लागला. तेव्हा आयोगाने स्थलांतरितांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसवला, मागील थकलेल्या खर्चाचा वाटाही त्यांच्याकडून वसूल करण्याची तजवीज केली, आणि 2012 मध्ये चेंजओव्हरची मुभा काही काळ महिना 300 युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरती सीमित केली. सोडून गेलेल्याची बचत अशा रीतीने बरीच आटली. तरी आपले गणित मांडताना पुष्कळजण केवळ वीज आकाराचेच दर ताडून पाहतात, अधिभाराची ओळ वाचीत नाहीत.

रिलायन्सचा हा व्यवसाय 2018 मध्ये अदानींकडे गेला. मुंबई शहरात वीज वितरित करणारा बेस्ट हा स्थानिक प्राधिकरणाचा उपक्रम असल्याने आपल्या तारा इतरांस देण्याची सक्ती कलम 42 त्यावर करीत नाही. तेथे टाटांस स्वतःची तार टाकूनच ग्राहकापर्यंत पोहोचावे लागते.