भुशाचा मुकुट

शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा असतो. त्यावर बेगड चिकटवलेली असते आणि नाटक अर्ध्यावर येईपर्यंत तो एका कानावर कललेला असतो. पालक हसतात. शाळेचं नाटक, दुसरं काय होणार, असा त्या हसण्याचा अर्थ. पण या मुकुटाचं घराणं फार जुनं आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात वेशभूषा, रंगभूषा आणि रंगमंचावरच्या वस्तू यांना मिळून 'आहार्य अभिनय' म्हटलं आहे. डोंगर, रथ, विमान, हत्ती या बनवलेल्या वस्तू म्हणजे 'पुस्त'. चटई, कापड, कातडं जोडून केलेलं ते संधिम, यंत्रानं हलणारं ते व्याजिम. पुढे भरत बजावतो की, दागिने आणि शस्त्रं खरी, जड वापरू नयेत, नट थकतो. लाख, अभ्रक, कापड, लाकूड यांची हलकी नक्कल करावी. शस्त्रानं खरा वार तर करूच नये. शिरोभूषणासाठी त्यानं कापडावर बेलाचा लगदा आणि त्यात राख किंवा भाताचा भुसा सांगितला आहे. आपल्या चित्रकलेच्या सरांनी रद्दी आणि खळ कालवली, तर ते याहून वेगळं काय करत होते?

मराठी रंगभूमीवर मात्र मधल्या काळात राज्य केलं ते पडद्यानं. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि संगीत नाटक कंपन्यांचा जमाना सुरू झाला. राजवाडा, जंगल, रस्ता असे रंगवलेले पडदे गुंडाळून कंपनी गावोगाव फिरे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू याच पडद्यांच्या कामातून 'पेंटर' म्हणून ओळखले जाऊ लागले. बाबूराव पुढे सिनेमात गेले, ते सर्वांना ठाऊक आहे. रस्त्याचा पडदा सगळ्यांत पुढे असे. त्याच्यापुढे दोन पात्रं बोलत उभी करायची आणि मागे राजवाडा मांडून घ्यायचा. प्रवेशांची ती गुंफण पुष्कळदा या सोयीतून आली आहे. हे तंत्र शाळांनी जसंच्या तसं उचललं, कारण हॉल एक, रंगमंच चिमुकला आणि मदतीला शिपाई एकटा!

1933 साली 'नाट्यमन्वंतर'नं 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं आणि खऱ्या दारंखिडक्यांची खोली प्रेक्षकांना दिसली. मग शाळेतही फ्लॅट आले. लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर ताणून खिळवलेला मांजरपाट, सरस आणि खडूच्या भुकटीचा हात, वर रंग. दोन फ्लॅट बिजागरीनं जोडले की भिंतीचा कोपरा तयार. मागून तिरपा टेका द्यायचा, नाहीतर दार लोटताच घर हलतं.

मुलांची रंगभूमी पुढे स्वतंत्र झाली. 1959 साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' सादर केलं. चेटकीण आणि राक्षस यांना चार भिंतींच्या दिवाणखान्याचा काय उपयोग? तिथे पुन्हा कल्पनेनं बनवलेल्या वस्तूच हव्या होत्या. माझ्या मते शालेय नेपथ्याला खरा रस्ता दाखवला तो बालनाट्यानं, दिवाणखान्यानं नव्हे.

आता जंगलाचा फ्लेक्स दुकानातून तासाभरात छापून मिळतो. तो स्वच्छ असतो, स्वस्तही असतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण एक हिशेब करून पाहावा. नाटकात बोलायला मिळतं दहा-बारा मुलांना. जिची जीभ रंगमंचावर अडखळते, पण जिला कामट्या वाकवून पालखी बांधता येते, ती मुलगी पूर्वी या नाटकात होती. गोणपाटाचं खोड करणारा होता, पडद्याची दोरी सांभाळणारा होता. फ्लेक्स आला आणि ही सगळी मुलं प्रेक्षकांत जाऊन बसली.

राज्यात 2018 साली सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली. तेव्हा यंदाच्या संमेलनात मुकुट लागलाच, तर रद्दी आदल्या रात्री भिजत घालावी. खळीत थोडा मोरचूद टाकला तर झुरळं लागत नाहीत; मात्र मोरचूद विषारी, तो मोठ्यांनीच हाताळावा. आणि मुकुटाचा घेर राजाच्या डोक्यावर मापून घ्यावा, म्हणजे तो कानावर येणार नाही.