दूरचित्रवाणीवरील सायकल शर्यत आणि समालोचकाचा आवाज

जुलै १९८७ मधील गोष्ट. टूर द फ्रान्स या जगातील सर्वांत प्रतिष्ठित सायकल शर्यतीचा एक टप्पा आल्प्स पर्वतातील ला प्लान्य येथे चढणीवर संपायचा होता. पिवळी जर्सी स्पेनच्या पेद्रो देल्गादोच्या अंगावर होती आणि शेवटच्या चढणीवर त्याने आयर्लंडच्या स्टीफन रोचला सुमारे दीड मिनिट मागे टाकले होते. कॅमेरे टप्पा जिंकणारा लॉराँ फिन्यों आणि त्याच्यामागून येणारा देल्गादो यांच्यावर खिळलेले होते. रोच कोठे आहे, हे पडद्यावर कोणालाच दिसत नव्हते. देल्गादो अंतिम रेषा ओलांडतो न ओलांडतो तोच धुक्यातून आणखी एक स्वार पुढे आला. ब्रिटिश वाहिनीवर समालोचन करणाऱ्या फिल लिगेट यांनी आधी अविश्वासाने, मग जवळजवळ ओरडूनच तो रोच असल्याचे सांगितले. रोच फक्त चार सेकंद मागे होता. रेषा ओलांडताच तो कोसळला आणि त्याला प्राणवायू द्यावा लागला. पुढे त्याने ती शर्यत ४० सेकंदांच्या फरकाने जिंकली.

सायकल शर्यतीच्या समालोचनाचा विषय निघाला की या क्षणाचा उल्लेख होतोच. लिगेट यांच्या आवाजातील थरार खरा होता, कारण त्या क्षणी त्यांनाही प्रेक्षकापेक्षा अधिक काही ठाऊक नव्हते. क्रिकेटचा समालोचक मैदानात बसलेला असतो आणि सारा खेळ त्याच्या डोळ्यांसमोर घडतो. सायकल शर्यतीच्या समालोचकाला ते भाग्य लाभत नाही. तो अंतिम रेषेजवळच्या छोट्या खोलीत, आणि अनेकदा तर हजारो किलोमीटर दूरच्या स्टुडिओत, पडद्यासमोर बसलेला असतो. शर्यत दोनशे किलोमीटरच्या रस्त्यावर पसरलेली असते. आपण जे पाहतो तेच चित्र तो पाहतो आणि त्यातून अर्थ लावतो. या खेळाच्या समालोचनाचे मोठेपण आणि त्याच्या चुका, दोन्हींचे मूळ येथे आहे.

चित्र येते कसे?

टूर द फ्रान्स १९०३ मध्ये ‘लोटो’ या क्रीडा दैनिकाने सुरू केली, ती खप वाढविण्यासाठी. त्यामुळे प्रारंभीची कितीतरी वर्षे ही शर्यत लोकांनी पाहिली कमी आणि वाचली जास्त. १९२९ मध्ये जाँ आंत्वान आणि अलेक्स व्हिरो या पत्रकारांनी रेडिओवरून तिचे थेट वर्णन ऐकविण्यास सुरुवात केली. व्हिरो यांनी पुढे जवळजवळ तीन दशके हे काम केले आणि १९५७ च्या शर्यतीचे वार्तांकन करीत असतानाच पिरेनीज पर्वतात त्यांची मोटारसायकल दरीत कोसळून त्यांचा व त्यांच्या चालकाचा मृत्यू झाला. दूरचित्रवाणीने १९४८ मध्ये पॅरिसच्या पार्क दे प्रेन्स मैदानावरील अखेरचे आगमन प्रथम थेट दाखविले. पर्वतातील घाट थेट पडद्यावर येण्यासाठी मात्र १९५८ उजाडावे लागले. तो घाट होता पिरेनीजमधील ओबिस्क.

आजही यंत्रणेचे तत्त्व फारसे बदललेले नाही. मोटारसायकलच्या मागील आसनावर बसलेला छायाचित्रणकार चित्रण करतो, त्याचा संदेश वर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरकडे किंवा त्याहून उंचावरील विमानाकडे जातो आणि तेथून अंतिम रेषेजवळच्या नियंत्रण वाहनात पोहोचतो. तेथे दिग्दर्शक चित्रे निवडतो आणि ती जगभरच्या वाहिन्यांना मिळतात. धो धो पाऊस किंवा दाट धुके असेल तर हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि नेमक्या उत्कंठेच्या वेळी पडद्यावर चौकोन नाचू लागतात. अशा वेळी चिडलेला प्रेक्षक वाहिनीच्या नावाने बोटे मोडतो. दोष बहुधा ढगांचा असतो.

निवडीचा अधिकार यजमान वाहिनीच्या दिग्दर्शकाकडे असल्याने परदेशी समालोचकाच्या हाती केवळ शब्द उरतात. दिग्दर्शकाने किल्ला दाखविला तर किल्ल्याविषयी बोलावे लागते. फ्रेंच दूरचित्रवाणीने यासाठी जाँ-पॉल ऑलिव्हिए यांच्यासारखा जाणकारच बसविला होता. वाटेवरील चर्च, किल्ले आणि गावांचा इतिहास ते अशा तपशिलाने सांगत, की सायकलींशी काही देणेघेणे नसलेल्या आजीबाईही दुपारभर पडद्यासमोर बसत. ब्रिटिश समालोचक डेव्हिड डफील्ड यांची कीर्ती वेगळ्या कारणाने झाली. आदल्या रात्रीच्या जेवणापासून स्थानिक वाइनपर्यंत ते कोठेही भरकटत. काहींना याचा विलक्षण वैताग येई. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र चार तासांच्या सपाट टप्प्यात असा भरकटणारा माणूस सोबतीला असणे हे वरदानच म्हणावे लागेल.

शापात यांचा आडाखा

नव्या प्रेक्षकाची पहिली तक्रार ठरलेली असते. तासन् तास काहीच घडत नाही, मग पाहायचे काय? याचे उत्तर हवेत आहे. सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते. पुढच्याच्या आडोशाने चालविणाऱ्याचे श्रम बरेच वाचतात आणि मोठ्या जथ्याच्या पोटात असलेल्याचे तर फारच. या जथ्याला ‘पेलोटॉन’ म्हणतात. त्यातून चारपाच जण निसटून पुढे जातात, त्यांना काही मिनिटांची आघाडी मिळू दिली जाते आणि मग मागचे संघ सवडीने हिशेब मांडू लागतात.

हा हिशेब दूरचित्रवाणीवर लोकप्रिय केला तो रॉबेर शापात यांनी. स्वतः टूर द फ्रान्समध्ये धावलेले शापात निवृत्तीनंतर फ्रान्समधील घराघरांत पोहोचलेले समालोचक झाले. एकट्या आघाडीवीराला टिकायचे असेल तर उरलेल्या प्रत्येक दहा किलोमीटरमागे एक मिनिटाची आघाडी हवी, असा त्यांचा आडाखा होता. तो पडताळून पाहणे सोपे आहे. थकलेला एकटा स्वार ताशी ४५ किलोमीटर वेगाने जात असेल तर दहा किलोमीटरला त्याला १३ मिनिटे २० सेकंद लागतील. मागचा जथा ताशी ४९ किलोमीटरने येत असेल तर त्याला सव्वाबारा मिनिटे पुरतील. फरक एका मिनिटाहून थोडा अधिक. म्हणजे ताशी अवघ्या चार किलोमीटरच्या फरकाने दिवसभराची मेहनत धुळीला मिळते. हे गणित एकदा उमगले, की पडद्याच्या कोपऱ्यातील तो मिनिट-सेकंदांचा आकडा एखाद्या रहस्यकथेसारखा वाचता येतो. चांगला समालोचक तो आकडा नुसता वाचून दाखवत नाही. पाठलाग कोणता संघ करीत आहे, कोणता संघ मुद्दाम अंग चोरीत आहे, हे तो सांगतो.

पूर्वी हे अंतर मोटारसायकलवरील माणूस फळ्यावर खडूने लिहून स्वारांना दाखवी आणि समालोचकही त्याच्यावर विसंबून असे. २०१५ पासून टूरमध्ये सायकलींच्या बैठकीखाली बसविलेल्या उपकरणांमुळे उपग्रहाच्या साहाय्याने अंतरे कळू लागली आहेत. तरीही ओळखीचा प्रश्न सुटलेला नाही. सुमारे १८० स्वार, शिरस्त्राण आणि काळ्या चष्म्यांनी झाकलेले चेहरे, संघागणिक एकसारखे कपडे. शिरस्त्राण सक्तीचे झाले ते २००३ मध्ये. त्यापूर्वी निदान केसांवरून तरी माणूस ओळखता येई. मुरलेला समालोचक खांद्यांची ठेवण, कोपरांचा कोन, पायांची लय यांवरून नाव सांगतो. प्रेक्षकांसाठी एक सोपी खूण आहे. पाठीवरील क्रमांकाचा शेवटचा अंक १ असेल, म्हणजे ११, २१, ३१, तर तो बहुधा त्या संघाचा नायक असतो. नुसता १ हा क्रमांक गतविजेत्याचा.

दोघांची जोडी

सायकल समालोचनात दोघांची जोडी आता सर्वत्र रूढ झाली आहे. एक व्यावसायिक निवेदक, दुसरा माजी स्वार. लिगेट यांच्यासोबत अनेक वर्षे पॉल शेरवेन होते. शेरवेन सात वेळा टूरमध्ये उतरले होते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. युरोस्पोर्टच्या इंग्रजी समालोचनात शॉन केली यांनी दीर्घकाळ तज्ज्ञाची जागा सांभाळली. १९८२ पासून सलग सात वेळा पॅरिस-नीस शर्यत जिंकणारा हा आयरिश गृहस्थ स्वभावाने अबोल. एखाद्या चढणीवर निवेदक उत्साहाने फुलून गेलेला असताना केली दोनच वाक्ये बोलतात, अमुक स्वाराचे गिअर जड पडत आहे, तो आता सुटेल. आणि अर्ध्या मिनिटात तो सुटतो! प्रस्तुत लेखकाला ही कंजूष शैली सर्वांत भावते.

बेल्जियमच्या फ्लेमिश वाहिनीवर मिशेल वॉइट्स यांच्या जोडीला पूर्वी बसत असलेले जोसे दे काऊवेर यांचा अनुभव तर असामान्य आहे. १९८९ मध्ये ते ग्रेग लेमाँडच्या संघाचे व्यवस्थापक होते. त्या वर्षी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या साडेचोवीस किलोमीटरच्या अखेरच्या घड्याळी शर्यतीपूर्वी लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. ती संपली तेव्हा तो आठ सेकंदांनी विजेता ठरला होता. टूरच्या इतिहासातील हा सर्वांत कमी फरक.

हरलेला स्वार होता तोच लॉराँ फिन्यों. पुढे तोही फ्रेंच दूरचित्रवाणीवर तज्ज्ञ म्हणून बसू लागला. २०१० च्या टूरमध्ये कर्करोगामुळे त्याचा आवाज घोगरा, चिरका झाला होता. तरीही तीन आठवडे तो बोलत राहिला आणि आळशी डावपेच खेळणाऱ्यांना त्याच तिखटपणे फटकारत राहिला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

जे बोलले गेले नाही

समालोचनाच्या दर्जाची खरी कसोटी लागली ती लान्स आर्मस्ट्राँग प्रकरणात. १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे या अमेरिकी स्वाराने टूर जिंकली. कर्करोगातून उठलेल्या माणसाची ती कथा सांगताना अनेक समालोचकांचा कंठ दाटून येई. उत्तेजकांच्या वापराविषयीचे प्रश्न वृत्तपत्रांतून त्याच काळात विचारले जात होते, परंतु थेट प्रक्षेपणात त्यांना फारशी जागा मिळाली नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने पुराव्यांसह अहवाल प्रसिद्ध केला, सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने स्वतः कबुली दिली. लिगेट यांनी अखेरपर्यंत त्याची बाजू उचलून धरली होती. त्याची किंमत त्यांना श्रोत्यांच्या विश्वासाच्या रूपात मोजावी लागली.

या ठिकाणी समालोचकांवर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. वेगाने चढणाऱ्या प्रत्येक स्वारावर पुराव्यावाचून संशय घेत बसले तर प्रक्षेपण करणेच अशक्य होईल. पण स्वारांशी असलेली मैत्री, वाहिनीने हक्कांसाठी मोजलेला पैसा आणि आपल्याच आवाजाने उभी केलेली दंतकथा, या तिन्हींचा दाब समालोचकाच्या जिभेवर असतो, हे त्या सात वर्षांनी दाखवून दिले. आज एखादा स्वार अविश्वसनीय वेगाने घाट चढला तर मोजकेच जाणते समालोचक जुन्या वेळांशी तुलना करून आकडे श्रोत्यांसमोर ठेवतात. बाकीचे अजूनही विशेषणांवरच भागवितात.

अपघाताच्या वेळी दुसरी कसोटी लागते. ९ मे २०११ रोजी जिरो द इटालियाच्या तिसऱ्या टप्प्यात पासो देल बोक्को या उतारावर बेल्जियमचा वाउटर वेयलांट पडला. रस्त्यावर निपचित पडलेला तो आणि त्याला वाचविण्यासाठी झटणारे डॉक्टर, ही दृश्ये थेट प्रक्षेपणात दिसली. तो वाचला नाही. घरी टीव्हीसमोर त्याचे आप्त बसलेले असू शकतात याचे भान ठेवून अशा वेळी अंदाज न बांधणे, हे समालोचकाचे कर्तव्य. मौन हाही समालोचनाचा भाग आहे, पण रिकामी सेकंदे वाहिन्यांना भीतिदायक वाटतात.

कधी दूरचित्रवाणीच शर्यतीत शिरते. २०११ च्याच टूरमध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीच्या मोटारीच्या धक्क्याने दोन स्वार पडले आणि त्यांपैकी जॉनी होगरलँड काटेरी तारेच्या कुंपणावर फेकला गेला. १४ जुलै २०१६ रोजी माँ व्हाँतू पर्वतावर गर्दीमुळे थांबलेल्या प्रक्षेपणाच्या मोटारसायकलवर तीन स्वार आदळले. त्यांतील ख्रिस फ्रूम मोडलेली सायकल टाकून पिवळ्या जर्सीनिशी डोंगर चढत पळू लागला. ते दृश्य पाहताना समालोचकांनाही आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आधी नवी पिवळी जर्सी अॅडम येट्सकडे गेल्याचे आकडे पडद्यावर झळकले, मग पंचांनी वेळा दुरुस्त केल्या आणि ती फ्रूमकडेच राहिली. त्या गोंधळात ‘निकाल अद्याप निश्चित नाही’ एवढेच सांगून थांबलेले समालोचक शहाणे ठरले.

भारतीय प्रेक्षकाला या शर्यतींची वेळ सोयीची आहे. उन्हाळ्यात फ्रान्सचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे तेथे सायंकाळी साडेपाचच्या सुमारास संपणारा टप्पा आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास, जेवणाच्या वेळी संपतो. निवडायचेच असेल तर पर्वतातील टप्प्यांचा शेवटचा दीड तास पाहावा. मार्चमध्ये होणाऱ्या मिलान-सान रेमो या जवळजवळ तीनशे किलोमीटरच्या शर्यतीची तर अखेरची वीस मिनिटेच पुरेत, बाकीचा दिवस समुद्रकिनारा पाहण्यात जातो.

हे समालोचन आपण इंग्रजीतूनच ऐकतो. बाळ ज. पंडित यांनी रेडिओवरील क्रिकेट समालोचनातून मराठीला त्या खेळाचे शब्द दिले, तसे भाग्य सायकलीला लाभले नाही. तरी एक शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. सर्वोत्तम चढाई करणाऱ्या स्वाराला टूरमध्ये लाल ठिपक्यांची जर्सी मिळते आणि इंग्रजी समालोचक त्याला पर्वतांचा राजा म्हणतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला पूर्वापार म्हटले जाते, ‘घाटाचा राजा’.