'सिंहगड चढलो' की 'सिंहगड सर केला'? जाणून घ्या फरक

रविवारी सकाळी पुणेकरांच्या स्टेटसवर सिंहगडाचे फोटो हमखास दिसतात. खाली कॅप्शन असतं: 'सिंहगडावर चढाई', 'सिंहगड सर केला' किंवा साधं 'सिंहगड चढलो'. तिन्हींचा अर्थ एकच आहे का? तर नाही.

चढणे: खालून वर जाणे. यात पायांना कष्ट आहेत. आतकरवाडीतून पायवाटेने गेलात तर तुम्ही गड 'चढलात'. गाडीने गेलात तर घाट गाडी चढली, तुम्ही गडावर फक्त 'गेलात'.

चढाई: या शब्दात समोर शत्रू किंवा प्रतिस्पर्धी असतो. सैन्य चढाई करतं, कबड्डीतला खेळाडूही चढाई करतो. अवघड कडा चढण्यालाही चढाई म्हणतात, कारण तिथे झुंज कड्याशी असते.

सर करणे: जिंकणे. 'सर' हा शब्द फारसीतून आला. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि मावळे रात्रीच्या अंधारात कोंढाण्याचा, म्हणजे आजच्या सिंहगडाचा, कडा चढले. ही त्यांची चढाई. तानाजी धारातीर्थी पडले, पण गड सर झाला. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठलं, तिथेही 'सर केलं' शोभतं.

'त्याने गड चढला' बरोबर की चूक?
प्रमाण मराठीत 'तो गड चढला', 'ती गड चढली', 'मी चढलो' किंवा 'मी चढले' असंच लिहितात. 'ने' लागतो तो 'चढवणे'ला: 'त्याने बूट चढवले'. देवाला मात्र मराठीत फुलं 'वाहतात'. 'फुलं चढवली' हा हिंदीचा प्रभाव.

डोंगराशिवायही चढतं!
ताप चढतो, भाव चढतो, आवाज चढतो, नशाही चढते. यातलं काहीही कमी झालं की आपण 'उतरला' किंवा 'उतरली' म्हणतो.

मग कॅप्शन काय लिहायचं? पायी गेला असाल तर 'सिंहगड चढलो' पुरेसं आहे. गंमत म्हणून 'सर केला' लिहायला हरकत नाही. फक्त ज्या गडासाठी हा शब्द खरा ठरला, तो हाच गड, एवढं लक्षात असू द्या.