पेप्टाइड बंध

पेप्टाइड बंध : एका ॲमिनो अम्लाचा कार्बॉक्सिल गट व दुसऱ्याचा ॲमिनो गट यांच्यात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडून होणारा सहसंयुजी बंध. प्रथिनांच्या लांब साखळ्या याच बंधाने घडतात. ही कल्पना १९०२ मध्ये एमील फिशर व फ्रान्ट्स हॉफमाइस्टर यांनी स्वतंत्रपणे मांडली. सजीवांची प्रथिने मुख्यतः २० प्रकारच्या ॲमिनो अम्लांची असतात. पेशीत रायबोसोमवर ती ठरलेल्या क्रमाने जोडली जातात.

या बंधातील कार्बन-नायट्रोजन अंतर सुमारे ०.१३३ नॅनोमीटर, म्हणजे साध्या एकेरी बंधापेक्षा कमी असते. बंधाला अंशतः दुहेरीपण असल्याने तो सहजी फिरत नाही आणि त्याच्या भोवतालचे सहा अणू जवळपास एका प्रतलात राहतात. साखळीला वळायला मोकळीक मिळते ती दोन प्रतलांमधील कार्बनपाशी, तीही मर्यादित. कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य, याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रासच्या गो. ना. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मांडला. प्रथिनांची रचना तपासताना तो आजही रोजच्या वापरात आहे.

ॲमिनो अम्लांचा क्रम ही प्राथमिक रचना. साखळीतील हायड्रोजन बंधांमुळे होणारी सर्पिल (अल्फा) व पत्र्यासारखी (बीटा) ठेवण ही द्वितीयक. या दोन्ही ठेवणी पॉलिंग व कोरी यांनी १९५१ मध्ये दाखवल्या, सर्पिलाच्या कामात ब्रॅन्सन हेही सहभागी होते. संपूर्ण साखळीची घडी तृतीयक, तर अनेक साखळ्यांची जुळणी चतुर्थक रचना. पाठ्यपुस्तकांत उदाहरण बहुधा हीमोग्लोबिनचे असते. भंडारा जिल्ह्यात मात्र टसर रेशमाच्या कोषाचा धागा हे उदाहरण हाताशी आहे.

वैनगंगेकाठचे पवनी हे विणकरांचे जुने गाव. या जिल्ह्यात आणि शेजारच्या गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसर अळ्या उघड्यावर वाढवल्या जातात. हे काम परंपरेने ढिवर समाजाकडे आहे. अळी पानाआड देठाने फांदीला लटकणारा टणक कोष करते. तिच्या दोन ग्रंथींतून फायब्रोइन हे प्रथिन द्रवरूपात येते. ओढले जाताना साखळ्या ताणल्या जाऊन समांतर होतात आणि धागा घट्ट होतो. सेरिसिन हा प्रथिनाचाच डिंक दोन्ही तंतू चिकटवतो.

तुतीच्या रेशमात ग्लायसीन सर्वांत जास्त, त्याखालोखाल ॲलनीन. टसरात ॲलनीन वरचढ असून त्याच्या सलग ओळी येतात. या ओळींचे बीटा पत्रे एकमेकांवर दाटीने बसतात. तुतीच्या रेशमाचे फायब्रोइन विरघळवणाऱ्या लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणाला टसर सहसा दाद देत नाही, याचे कारण ही दाटी. लोकरीतील सर्पिल साखळी ओढली की उलगडते, म्हणून लोकर ताणते. रेशमाची साखळी आधीच जवळपास ताठ असते. करवती काठाची कोसा (टसर) साडी लोकरीसारखी सैलावत नाही ती यामुळे.

धागा काढण्याआधी कोष सोड्याच्या पाण्यात शिजवतात. उकळण्याने डिंक मऊ पडून सुटतो, फायब्रोइनची साखळी शाबूत राहते. शिजवणे म्हणजे प्रथिन ‘मोडणे’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे : उष्णतेने घडी उलगडते, पेप्टाइड बंध टिकतात. अंड्यातील पांढऱ्याचेही तेच होते. उदासीन पाण्यात, साध्या तापमानाला हा बंध आपोआप तुटायला शेकडो वर्षे लागतात. प्रयोगशाळेत तो तोडण्यासाठी प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लात ११० अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास ठेवतात. सोडा जास्त झाला किंवा कोष फार वेळ उकळत राहिला, तर अल्कलीमुळे साखळ्या तुटू लागतात, धागा कमकुवत होतो आणि पुढे मागावर तुटत राहतो.

पतंगाला मात्र पेप्टाइड बंध तोडण्याचे काम साध्या तापमानाला जमते. बाहेर पडताना तो कोषाच्या टोकाशी कोकूनेज हे विकर सोडतो. ट्रिप्सिनप्रमाणे ते साखळी लायसीन व अर्जिनीन यांच्याजवळ तोडते. ही जोड सेरिसिनात उघडी सापडते, फायब्रोइनात फारशी नाही. डिंक सुटला की पतंग तंतू बाजूला सारून वाट काढतो. पुढच्या पिकाच्या बियाण्यासाठी राखलेले कोष असेच फुटतात. त्यांतून सलग धागा नीट निघत नाही, तो हाताने कातावा लागतो.