तरबाबाद आणि हौशी छायाचित्रकार

गाणें ऐकून उठून गेलेल्या श्रोत्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. गायकाचें नांव राहतें, रागाचें लक्षण ग्रंथांत राहतें, आणि ज्या राजाच्या पदरीं तो गायक होता त्याची वंशावळ तर ताम्रपटांतच कोरलेली असते. परंतु तें गाणें ऐकावयास कोण जमलें होतें, कोठें बसलें होतें आणि केव्हां उठलें, याची नोंद ठेवणें हें कोणाचेंच नेमलेलें काम नसल्यामुळें ती बहुधा राहत नाहीं. राहिलीच तर एखाद्या वाटसरूच्या कुतूहलामुळें राहते. या दृष्टीनें दौलताबादचा इतिहास आम्हांस फार बोधप्रद वाटतो; आणि गळ्यांत कॅमेरा अडकवून तो किल्ला पाहावयास जाणाऱ्या आजच्या हौशी मंडळींस तर त्यांत घेण्यासारखें पुष्कळच आहे.

छत्रपती संभाजीनगराहून वेरुळास जातांना, शहरापासून सुमारें पंधरा किलोमीटरांवर, चोहों बाजूंनीं तासून काढलेला जो डोंगर दिसतो तोच यादवांचा देवगिरी. भिल्लम पांचवा यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस येथें स्वतंत्र राज्य उभारलें, आणि सिंघण दुसरा याच्या कारकीर्दींत, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, तें वैभवाच्या शिखरास पोंचलें. याच सिंघणाच्या पदरीं शार्ङ्गदेव हा श्रीकरणाधिपति, आजच्या भाषेंत मुख्य हिशेबनीस, होता. त्याचा आजा काश्मीरहून दक्षिणेंत आलेला. राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या गृहस्थानें ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला, आणि हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे अभ्यासक आजही त्याकडे आदरानें पाहतात. त्यांत स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्यें आणि नृत्य यांचें विवेचन आहे. गायकांचे गुणदोष आहेत. सभापति कसा असावा आणि सभेची मांडणी कशी असावी हेंही सांगितलें आहे. परंतु ती सभा शास्त्रांतली. देवगिरीच्या एखाद्या विशिष्ट सायंकाळीं कोण कोण बसलें होतें हें सांगणें शास्त्रकाराचें काम नव्हे. रामचंद्रदेवाच्या काळच्या गोपाळ नायकाविषयींच्या आख्यायिका सर्वश्रुत आहेत. पण त्यांतही बादशहा आणि दोन गवई एवढेच आपणांस दिसतात. बाकीची सभा अंधारांत आहे.

पुढें १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली, १३१८ त यादवांचें राज्य बुडालें, आणि १३२७ त महंमद तुघलकानें देवगिरीस राजधानीचा मान देऊन तिचें नांव दौलताबाद ठेविलें. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या गांवाची ओळख बहुधा येथेंच संपते: दिल्लीच्या रहिवाशांचे हाल झाले, आणि राजधानी कांहीं वर्षांनीं परत गेली. जणूं मागें उरलें तें ओसाड रान! असें नव्हतें हें आपणांस समजतें तें इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशामुळें. हा गृहस्थ दिल्लीस कांहीं वर्षें काजी होता, आणि १३४२ सालीं सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जावयास निघाला असतां वाटेंत दौलताबादेस आला.

येथें त्यानें गाणाऱ्यांचा एक बाजार पाहिला. त्याचें नांव तरबाबाद. ‘तरब’ म्हणजे गाण्यानें चित्तास होणारा हर्ष. हा बाजार मोठा आणि अतिशय सुंदर होता, असें तो म्हणतो. प्रत्येक दुकानाचें एक दार मालकाच्या घरांत उघडे. दुकानांत गालिचे अंथरलेले, मध्यें एक मोठा पाळणा, पाळण्यावर दागिन्यांनीं नटलेली गायिका, आणि दासी तो पाळणा हालवीत आहेत. बाजाराच्या मध्यभागीं एक शृंगारलेला घुमटाकार मंडप होता. दर गुरुवारीं तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गायकांचा प्रमुख आपल्या नोकरचाकरांसह तेथें येऊन बसे. गायिका पाळीपाळीनें येऊन त्याच्यापुढें गात व नाचत. आणि सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ झाली कीं तो उठून जाई. त्याच बाजारांत मशिदी होत्या आणि रमजानांत तेथें रात्रीची प्रार्थना होई. एक हिंदु राजा त्या बाजारावरून जातांना या मंडपापाशीं उतरून गाणें ऐकत असे, आणि एक मुसलमान सुलतानही तसेंच करी, हेंही त्यानें नमूद केलें आहे.

या वर्णनांत एकही लढाई नाहीं, एकही तह नाहीं. परंतु वार आहे, वेळ आहे, बसण्याची जागा आहे, आणि मैफल केव्हां मोडते तेंही आहे. संगीतरत्नाकरांत जें सांपडत नाहीं तें येथें सांपडतें. याचें कारण उघड आहे. इब्न बतूता येथें संगीताचें शास्त्र लिहावयास आला नव्हता आणि कोणाचा बखरकारही नव्हता. नेमलेला लेखक धन्याकडे पाहतो. हौशी मनुष्य ज्याचें नवल वाटेल त्याकडे पाहतो. त्यामुळेंच किल्ल्याच्या तळघरांतील मांजराहून मोठे उंदीर आणि येथील द्राक्षें व डाळिंबें हीं सुद्धां त्याच्या पुस्तकांत शिरलीं आहेत. अर्थात् हा प्रवास त्यानें १३५५ च्या सुमारास मोरोक्कोंत परतल्यावर बहुतांशीं स्मरणावरून सांगितला व दुसऱ्यानें लिहून घेतला. तेव्हां त्यांतील प्रत्येक तपशील जपून घ्यावा लागतो. पण तरबाबादचें चित्र वगळलें तर त्या काळच्या दौलताबादेंतील श्रोत्यांविषयीं आपल्या हातीं फारच थोडें उरतें.

इब्न बतूत्याचें साधन स्मरण. पुढें छायाचित्रणाची कला आली, आणि आतां असें कांहीं सुटणार नाहीं असें वाटण्याजोगी स्थिति झाली. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे पेशानें वैद्य, पण छायाचित्रणाचे मोठे शोकीन. या सोसायटींत त्यांचें नांव प्रामुख्यानें येतें. लाला दीनदयाळ हे तर इंदुरास बांधकाम खात्यांत नकाशे व अंदाजपत्रकें करीत असतां केवळ हौसेनें या कलेकडे वळले, आणि पुढें सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होऊन राजा मुसव्विर जंग झाले. निजामाच्या मुलखांतील दौलताबादचा किल्लाही त्यांच्या कॅमेऱ्यानें टिपला.

पण त्या काळच्या साधनांस एक मोठी मर्यादा होती. कांचेवरील चित्रास प्रकाश पुष्कळ वेळ द्यावा लागे. दगड स्थिर राही, माणूस राहत नसे. पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचें १८३८ च्या सुमारास दागेर यानें घेतलेलें चित्र प्रसिद्ध आहे. त्यांत सारी रहदारी नाहींशी झाली आहे, आणि जोडे साफ करून घेण्यासाठीं एका जागीं उभा राहिलेला मनुष्य तेवढा उमटला आहे. साधनें सुधारलीं तरी नजर लवकर सुधारली नाहीं. पुराणवस्तूंच्या चित्रांत माणूस बहुधा आला तो इमारतीच्या उंचीचें माप म्हणूनच.

ही नजर बदलली ती हातांत धरण्याच्या लहान कॅमेऱ्यानें. १८८८ त कोडॅक आला; शंभर चित्रें घ्यावीं आणि पेटी धुलाईसाठीं कारखान्याकडे धाडावी, एवढें तें काम सोपें झालें. ‘स्नॅपशॉट’ हा शब्द मूळचा शिकाऱ्यांचा. नेम न धरतां झटकन् मारलेली गोळी. अशा नेम न धरलेल्या चित्रांची किंमत काय असते याचें एक उदाहरण आपल्याच देशांत घडलें. १९६८ सालीं इंग्लंडचे विख्यात बीटल्स हृषीकेशास महर्षि महेश योगी यांच्या आश्रमांत आले होते. त्याच वेळीं पॉल सॉल्टझमन हा कॅनडाचा तरुण मनःशांतीच्या शोधांत तेथें येऊन पोंचला. त्यानें साध्या कॅमेऱ्यानें त्यांचीं कांहीं चित्रें घेतलीं, घरीं नेऊन पेटींत ठेविलीं, आणि तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं तीं २००० सालीं. बीटल्सच्या चाहत्यांचे मेळावे अमेरिकेंत १९७४ पासून भरत आले आहेत. तेथें जाणारे लोकही गायकांबरोबर एकमेकांचीं चित्रें घेतात. आम्हांस वाटतें कीं उद्यांचा इतिहासकार या दुसऱ्या चित्रांकडेच अधिक लक्ष देईल; कारण गायकांचीं चित्रें हजारोंनीं असतील, चाहत्यांचीं घरोघरच्या पेट्यांत विखुरलेलीं.

आतां आपल्याकडे पाहावें. दौलताबादेस गेलेली मंडळी चांदमिनार, मेंढातोफ, खंदक आणि शिखरावरची बारादरी यांचीं चित्रें घेतात. त्यांत वाईट कांहींच नाहीं, पण तीं दीनदयाळांनीं आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांनीं आपल्यापेक्षां चांगलीं घेऊन ठेविलीं आहेत. अंधारीच्या तोंडाशीं घुटमळणारीं मुलें, वाटेवर सीताफळें विकणारी बाई, खुलताबादच्या उरुसांत कव्वाली ऐकतांना डोलणारा म्हातारा, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांत मांडीवर ताल धरून बसलेलें कुटुंब, हीं चित्रें कोणी नेमलेला मनुष्य घेईलच असें नाहीं. तीं हौशी माणसानेंच घ्यावयाचीं. आणि हल्लीं तीं घेणें इतकें सुलभ झालें आहे कीं खरी उणीव घेण्याची नसून राखण्याची आहे. यंत्रांत हजारों चित्रें सांठतात, यंत्र बिघडलें कीं सारींच जातात. जुन्या आल्बमांतील चित्रें घर बदलतांना रद्दींत पडतात, कारण त्यांतलीं माणसें कोण हें सांगणारें कोणी उरत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें थोडकेंच आहे. वर्षांतून एकदां कुटुंबांतील सर्वांनीं एकत्र बसून निवडक चित्रें कागदावर उतरवून घ्यावीं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागें गांव, तारीख व माणसांचीं नांवें लिहावीं. तरबाबादच्या मंडपांत गाणाऱ्या एकाही स्त्रीचें नांव इब्न बतूत्यानें आपणांस सांगितलेलें नाहीं. आपल्या चित्रांतून तरी तेवढी उणीव राहूं नये.