शराची कुळकथा

दोन विमानतळांमधलं अंतर काढायला आज संगणकावर बऱ्याचदा वापरतात ते 'हॅवरसाइन' सूत्र. त्याचं मूळ शोधत मागे गेलं की आपण पोचतो धनुष्याच्या आकृतीपाशी. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, त्याची टोकं जोडणारी दोरी ती ज्या, आणि दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंत जाणारी रेघ म्हणजे शर. भारतीय ज्योतिषात यालाच उत्क्रमज्या म्हणतात. सूर्यसिद्धान्तात तिचं कोष्टक आहे, त्रिज्या ३४३८ धरून, ३ अंश ४५ कलांच्या टप्प्यांनी: ७, २९, ६६, ११७ असं पुढे. आकडे श्लोकात बसवायचे, म्हणून ते शब्दांत सांगितले. सात म्हणजे मुनी. ११७ साठी मुनीश्वर: मुनी ७, ईश्वर म्हणजे रुद्र ११, आणि मांडणी एककापासून. कोष्टक मुखोद्गत ठेवायची ही युक्ती मला अजोड वाटते.

आठव्या शतकात भारतीय ज्योतिष बगदादला पोचलं. अरबी गणितात शराला सहम म्हणत, लॅटिनमध्ये सजिता. दोन्हींचा अर्थ बाणच. पुढे युरोपात 'व्हर्स्ड साइन' हे नाव रुळलं.

त्याची खरी गरज पडली ती दर्यावर्द्यांना. गोलावरचं अंतर कोसाइनच्या सूत्रानेही निघतं, पण जवळच्या ठिकाणांना ते दगा देतं. एक किलोमीटर अंतराचा पृथ्वीच्या केंद्राशी जो कोन होतो, त्याचा कोसाइन ०.९९९९९९९८८ च्या आसपास येतो. सात दशांश स्थळांच्या कोष्टकात तो १ होतो, म्हणजे अंतर शून्य! शिवाय कोसाइन ऋण झाला की लॉगॅरिथम घेता येत नाही. शराचा निम्मा भाग घेतला तर दोन्ही अडचणी सुटतात. तो अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग असतो, कधीच ऋण होत नाही, आणि लहान कोनांनाही त्याचे आकडे हरवत नाहीत. पोर्टस्मथच्या नाविक महाविद्यालयातले प्राध्यापक जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये त्याला 'हॅवरसाइन' हे नाव दिलं. इनमन नुसते पुस्तकी नव्हते. इंग्रज दर्यावर्दी फ्लिंडर्स यांच्या ऑस्ट्रेलिया मोहिमेत त्यांनी खगोलज्ञ म्हणून काम केलं होतं. डोलत्या जहाजावर, दिव्याच्या उजेडात आकडेमोड करणाऱ्याला तयार कोष्टक केवढा आधार देतं, हे त्यांना ठाऊक असणारच.

गणकयंत्रं आली आणि ही कोष्टकं अडगळीत गेली. १९८४ मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात रॉजर सिनॉट यांनी हॅवरसाइनचे गुण पुन्हा दाखवून दिले. संगणकही ठरावीक अंकांपुढे आकडा कापतो, तेव्हा कोसाइनचं जुनं दुखणं तिथेही होतंच.

सूत्राची खुबी उत्तरेकडे गेल्यावर नीट दिसते. नॉर्वेतलं ट्रॉम्सो ६९.६८ अंश उत्तरेला, स्वालबार्डमधलं लाँगइयरब्येन ७८.२५ अंशांवर. दोन्ही विमानतळांच्या रेखांशांत फरक साडेतीन अंशांहून किंचित कमी. विषुववृत्तावर एवढ्या फरकाचे सुमारे ३८४ किलोमीटर होतात. ट्रॉम्सोच्या अक्षांशावर १३३ उरतात, लाँगइयरब्येनला जेमतेम ७८. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येतात ना! म्हणून सूत्रात रेखांशांच्या फरकाच्या हॅवरसाइनला दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या कोसाइननी गुणतात. उत्तर येतं सुमारे ९५८ किलोमीटर, म्हणजे ५१७ सागरी मैल.

प्रत्यक्षात अंतर यापेक्षा तीन-चार किलोमीटरांनी जास्त भरतं, कारण पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे आणि तिथे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तावरल्यापेक्षा किलोमीटरभर लांब असतो. तो चपटेपणा हिशोबात घेणारी पद्धत थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये दिली. काटेकोर मोजणीला अशाच पद्धती वापरतात. प्रवासाचा वेळ मात्र कुठल्याच सूत्रात बसत नाही. ताशी ८०० किलोमीटरने हे अंतर सव्वा तासाच्या आत कापता येईल, पण वेळापत्रक दीड तासाहून जास्त सांगतं: धावपट्टीपर्यंतचं सरपटणं, चढण, उतरण आणि समोरून येणारा वारा हे सगळं धरून.